फिनिश ड्रॅगनच्या नावात सामन मासा कुठून आला?

प्रश्न
फिनिशमध्ये ड्रॅगनला 'लोहिकॅर्मे' म्हणतात. लोही म्हणजे सामन मासा, कॅर्मे म्हणजे साप. अंगावरच्या खवल्यांमुळे हे नाव पडलं, असं वाचलं, पण पटत नाही. खरी व्युत्पत्ती काय? आणि असे शब्द तपासायचे कसे?

प्रतिसाद १
खवल्यांचा संबंध नाही. जुन्या स्वीडिशमध्ये 'फ्लोगद्राकी' म्हणजे उडता ड्रॅगन. १८०९पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्यात होतं, त्यामुळे असे शब्द भरपूर आले. जुन्या फिनिशला शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नसे, फक्त शेवटचं व्यंजन टिके: 'ग्लास'चं 'लासी', 'स्कूला'चं 'कोउलु'. तसाच 'फ्लोग'मधला फ गळाला, घशातून घासत येणारा ग 'ह'कडे झुकला आणि उरलेला आवाज ओळखीच्या 'लोही'त जाऊन बसला. 'द्राकी'चं मात्र भाषांतर झालं, तेही नेमकं: ग्रीक 'द्राकोन' म्हणजे मुळात मोठा सापच.

प्रतिसाद २
याच्या बरोब्बर उलटं उदाहरण म्हणजे 'मुस्तासुक्काइनेन', मत्सरी. शब्दशः 'काळे मोजे घातलेला'! मूळ स्वीडिश 'स्वार्टशूक': स्वार्ट काळा, शूक आजारी. इथे पहिल्या भागाचं भाषांतर झालं आणि दुसरा नुसता आवाजावरून घेतला. फिनिशमध्ये श नाही, म्हणून 'शूक' थेट 'सुक्का'वर, म्हणजे मोज्यावर, गेला.
आपल्याकडे 'पायाने कणीक तुडवतात म्हणून पाव' असं सांगतात, तेही खवल्यांसारखंच. पाव पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थच ब्रेड.

प्रतिसाद ३
तपासताना दोन्ही भाग वेगळे शोधा. 'सुओमेन सानोयेन आल्कुपॅरॅ' या तीन खंडी व्युत्पत्तिकोशात 'लोही' दुसऱ्या खंडात (१९९५) आहे. कोटुस या भाषासंस्थेचा व्युत्पत्तिकोश ऑनलाइन फुकट पाहता येतो. मग त्याच अर्थाचा जुना स्वीडिश शब्द काढून ध्वनिबदल नियमात बसतो का बघा; नुसतं साम्य पुरत नाही. उदाहरणार्थ, माशाचं 'लोही' हे नाव बाल्टिक भाषांतून आलं, लिथुआनियनमध्ये 'लाशिशा'. तिथे श चा ह झाला, कारण तो शब्द फार जुना. 'शूक' उशिरा आला म्हणून तिथे स.
मात्र प्रत्येक जोडशब्दात घोटाळा शोधू नका. 'लोहिकेइत्तो' हे खरोखरच सामनचं सूप आहे, आणि 'तिएतोकोने' (संगणक) म्हणजे सरळ माहिती अधिक यंत्र. अर्थ जुळत नसेल तिथेच खणायला घ्या.