प्रिंट टाकलं की रोबो पडतो, काढलं की उभा!

विक्रोळीकर:
दोन चाकांचा सेल्फ-बॅलन्सिंग रोबो केलाय. आर्डुइनो ऊनो बोर्ड, कल मोजणारा एमपीयू-६०५० सेन्सर, मोटर ड्रायव्हर, सगळा माल लॅमिंग्टन रोडचा. लूप, म्हणजे कोन मोजून मोटरला धक्का द्यायची एक फेरी, ५ मिलिसेकंदांचा. परवा रात्री किचनच्या ओट्यावर मस्त उभा राहिला, आईने वाटाणे सोलता सोलता टिचकी मारली तरी सावरला. काल कोन किती येतोय ते कॉम्प्युटरवर बघायला कोडमध्ये प्रिंट टाकलं, तर दोन-तीन हेलकावे खाऊन थेट तोंडावर. बाकी कोडला हात लावलेला नाही. केपी (कलण्याच्या किती पट धक्का द्यायचा तो आकडा) वाढवला तर आणखी जोरात पडला. सोमवारी सबमिशन आहे!

इन्स्ट्रुमेंटवाले काका:
बॉड रेट (सेकंदाला किती बिट पाठवतोस तो वेग) किती? एका ओळीत अक्षरं किती?

विक्रोळीकर:
९६००. अक्षरं मोजली, ४८.

इन्स्ट्रुमेंटवाले काका:
मग झालं. ९६०० ला एका अक्षराचे १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ४८ ला ५० मिलिसेकंद. ऊनोचा बफर, म्हणजे पाठवायची अक्षरं थांबतात ती जागा, ६४ बाइटचा, तो भरला की प्रिंट तिथेच अडून बसतं. तुझा ५ चा लूप ५० चा झालाय. रोबो सेकंदाला ३ हेलकावे घेत असेल, तर ३६० × ३ × ०.०५ = ५४ अंश फेज गेली, म्हणजे धक्का हेलकाव्याच्या तेवढा मागे पडला. पुढे कलल्यावर द्यायचा धक्का पोचेपर्यंत स्वारी भलतीकडेच. केपी वाढवून तू तोच अवेळी धक्का मोठा केलास. प्लांटमध्ये डेड टाइम, म्हणजे असा उशीर, वाढला की आम्ही आधी गेन, म्हणजे तुझ्या केपीसारखा आकडा, उतरवायचो. नवी पोरं नेमकं उलट करायची आणि व्हॉल्व्ह रात्रभर उघडझाप.

सोल्डरगन:
डीटी, म्हणजे दोन फेऱ्यांमधला वेळ, कोडमध्ये ०.००५ सेकंद असा ठोकून लिहिलायस का? मग दुहेरी मार. जायरोने (सेन्सरचा फिरण्याचा वेग मोजणारा भाग) दाखवलेल्या हालचालीचा एक दशांशच कोनात मिळवला जातो, कोडला वाटतं रोबो जेमतेम हललाय. दर फेरीला खरा डीटी मोज. आणि सरासरी बघू नकोस, सगळ्यात मोठा आकडा बघ.

विक्रोळीकर:
हो, ठोकूनच लिहिला होता 🙈 आता मोजतोय. बॉड ११५२००, प्रिंट दर २० व्या फेरीला. सगळ्यात मोठा डीटी ५.३ आला. उभा आहे!! पण सेन्सरचा थरथर गाळणारा फिल्टर ५ हर्ट्झवर आहे, त्यानेही उशीर होतो का?

इन्स्ट्रुमेंटवाले काका:
होणारच, १९ मिलिसेकंदांच्या आसपास. ४४ हर्ट्झवर ने, ५ च्या आत येईल. मोटरची थरथर थोडी दिसेल, दिसू दे. आणि आता ओट्यावरून खाली घे त्याला.