न्हाणीघरातील टाइल्सचे सांधे : सीलर लावावा की आधी उकरावेत?

प्रश्न : आमच्या न्हाणीघरातील सिरॅमिक टाइल्सच्या सांध्यांत मिस्त्रींनी १२ वर्षांपूर्वी व्हाइट सिमेंट भरले होते. नळाखालचे सांधे आता काळे पडले असून नख लावले तरी भुकटी निघते. टाइल्सवरून सीलर (पाणी मुरू न देणारा द्रव) फिरवला तर चालेल का?

उत्तर १ : चकचकीत लेपाच्या टाइलमध्ये पाणी मुरत नाही, सीलर लागतो तो सांध्यांना. मात्र भुकटी होणाऱ्या सांध्यावर तो लावणे म्हणजे ओल आतच कोंडणे होय. आधी सांधे निदान २-३ मिमी उकरावेत, धूळ ब्रशने झाडावी, सिमेंटचे ग्राउट (सांधे भरायचे मिश्रण) रबरी पट्टीने तिरपे दाबून भरावे आणि ते पूर्ण वाळल्यावरच, म्हणजे पाकिटावर दिलेल्या मुदतीनंतर, सीलर लावावा.

उत्तर २ : नळाखाली एपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी कृत्रिम राळेचे) भरल्यास सीलरची गरजच राहत नाही. फक्त थोडेथोडेच कालवावे आणि टाइलवर आलेला थर लगेच पुसावा. एकदा घट्ट झाला की तो निघता निघत नाही (हे मी स्वतः भोगले आहे). भिंत व फरशी मिळतात त्या कोपऱ्यात मात्र ग्राउट हमखास तडकते, तेथे लवचीक सिलिकॉनच हवे.

उत्तर ३ : भुकटीचे कारण बहुधा सफाईला वापरलेले ॲसिड असावे. त्याने डाग जातात, पण सिमेंटही झिजते. साधा साबण व नायलॉनचा ब्रश पुरतो. पुढे सांध्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मुरून सांधा गडद झाला, तर सीलर पुन्हा लावावा.