मदत हवी आहे : आयव्हीएफच्या कागदावरचे आकडे कुणी समजावेल का? १४ ची ३ कशी झाली?

मागावरचा_माणूस

नमस्कार मंडळी, मी इथं नुसता वाचायला येतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकीच्या विभागात पडला असला तर ॲडमिननी हलवावा.

आम्ही इचलकरंजीचे, ट्रीटमेंट कोल्हापुरात. लग्नाला सात वर्षं झाली, बायको ३२ ची, मी ३६. तीन आययूआय (शुक्राणू नळीनं थेट गर्भाशयात सोडतात ते) फेल गेले मग आयव्हीएफवर आलो. अकरा दिवस तिनं पोटात इंजेक्शनं घेतली, रात्री ८ च्या ठोक्याला मीच देत होतो. शेवटच्या सोनोग्राफीला, रविवारी, कागदावर १४ फॉलिकल लिहून आले आणि त्या रात्री ११ ला ट्रिगर (शेवटचं इंजेक्शन) घ्या, वेळ अजिबात चुकवू नका असं सांगितलं. मी बाहेर आल्या आल्या बायकोला म्हटलं चौदा अंडी आलीत! तिनं आईला सांगितलं, आईनं मावशीला, संध्याकाळपर्यंत चौदा हा आकडा जयसिंगपूरला पोचला होता.

मंगळवारी पिकअप (अंडी बाहेर काढणं) झालं, ती भुलीतून उठतेय तोवर सिस्टर म्हणाल्या ११ मिळाली. बुधवारी लॅबमधून फोन, "८ एम टू, इक्सी केलं, ६ टू पीएन." परत रविवारी फोन, "३ ब्लास्टो फ्रीज केलेत, ४ एए, ४ बीबी, ३ बीसी, ट्रान्सफर (गर्भ पोटात सोडणं) या महिन्यात नाही." दोन्ही वेळा मी मागाच्या खडखडाटात होतो, हो हो म्हणालो आणि हातावर लिहून घेतलं. परत फोन करून विचारायचं म्हणजे तिथं कायम घाई असते, प्रश्न विचारला की आपणच अडाणी असल्यासारखं वाटतं.

तर मधली अकरा गेली कुठं? लॅबमध्ये काही सांडलवंड होते का? बीसी म्हणजे नापास का? आणि ट्रान्सफर पुढं ढकललं म्हणजे तिच्यातच काही बिघडलंय का? आमचं बोलणं साध्या आयव्हीएफचं झालं होतं, इक्सी मधेच कुठून आलं तेही कळंना. बायकोला मी अजून आठपर्यंतच सांगितलंय. तीन हा आकडा तोंडातून निघत नाही.

गवती_चहा

दादा, आधी श्वास घ्या. मी यातून दोनदा गेलेय, पहिल्या वेळी माझे १७ चे २ झाले होते आणि मी पार्किंगमध्ये बसून रडले होते.

तुमची चौदा अंडी कधीच नव्हती. फॉलिकल म्हणजे पाण्याची पिशवी, सोनोग्राफीत दिसते ती पिशवी, आतलं बीज इतकं बारीक असतं की सोनोग्राफीत दिसतच नाही. भुईमुगाची शेंग बघून दाणे मोजल्यासारखं झालं तुमचं. काही शेंगा पोचट निघतात, काहींत दाणा कोवळा असतो. चौदातनं अकरा मिळाली हे चांगलंच आहे. ट्रिगरची वेळ एवढी कडक का, तर त्यानंतर ३४ ते ३६ तासांत बीज काढावं लागतं, उशीर झाला तर ते आपसूक बाहेर पडून जातं.

ट्रान्सफर न करण्याबद्दल, तिचं इस्ट्रोजेन फार वाढलं होतं का? कागदावर ई टू लिहिलेलं असेल बघा. माझंही वाढलं होतं. त्यात लगेच गर्भ सोडला आणि दिवस राहिले तर गरोदरपणाच्या हार्मोननं अंडाशयं अजून फुगतात, पोटात पाणी होतं, त्याला ओएचएसएस म्हणतात. म्हणून सगळे गर्भ गोठवून ठेवतात, शरीर शांत झालं की पुढच्या पाळीनंतर सोडतात. तिचं काही बिघडलेलं नाही. पण या दिवसांत पोट टम्म फुगलं, वजन भराभर वाढलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर घाईबिई काही बघायची नाही, रात्री २ ला पण फोन करायचा.

काढेवाले

एवढी सुया टोचून घेण्यापेक्षा आमचा घरगुती काढा ४० दिवस, व्यक्तिगत निरोप करा.

गवती_चहा

दुकान दुसरीकडे मांडा हो. हार्मोनची औषधं चालू असताना डॉक्टरांना न विचारता कसलाही काढा द्यायचा नाही, दादा.

काचेची_बशी

मी एम्ब्रियॉलॉजी लॅबमध्ये काम करते (तुमच्या नाही!). फोनवर आम्ही शॉर्टमध्ये बोलतो ही आमची चूकच आहे, रोज तेच शब्द बोलून समोरच्याला ते कळत नाहीत हे विसरायला होतं.

इक्सी करायच्या आधी बीजाभोवतीच्या पेशी काढून टाकतो, तेव्हाच ते पिकलंय का कळतं. पूर्ण पिकलेलं म्हणजे एम टू, त्याच्या अलीकडचे एम वन आणि जीव्ही, ते कच्चे. इक्सीत एक शुक्राणू सुईनं थेट बीजात सोडतात, तो फक्त एम टू मध्येच. साध्या आयव्हीएफमध्ये बशीत बीजाभोवती शुक्राणू सोडतो आणि त्यांचं ते बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी फलन झालं का बघतो, आत दोन गोल ठिपके दिसले की टू पीएन, एक आईकडचा एक बापाकडचा. आठातले सहा म्हणजे छानच. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भ ब्लास्टोसिस्ट अवस्थेला (फोनवरचं ब्लास्टो तेच) पोचतो, आणि तिसऱ्या दिवसानंतर बरेच थांबतात कारण तोवर बीजाच्या शिदोरीवर चाललेलं असतं, पुढं त्याच्या स्वतःच्या जनुकांवर चालावं लागतं. सांडलवंड नाही हो. नैसर्गिक गर्भातही हे असंच होतं, फक्त तिथं कुणी मोजत नाही.

ग्रेडमधला आकडा गर्भ किती फुगलाय तो, १ ते ६. पहिलं अक्षर ज्या पेशींपासून बाळ होतं त्यांचं, दुसरं ज्यांच्यापासून वार तयार होते त्यांचं. ३ बीसी मध्ये वारेकडच्या पेशी कमी आहेत एवढंच. नापास असता तर फ्रीजच केला नसता. ए ग्रेडनं शक्यता वाढते, खात्री मिळत नाही, आणि बीसीची बाळं मी पाहिलीत. ग्रेडवरून मुलगा-मुलगी कळत नाही, कळवणं बेकायदेशीर आहे, हे कुणी विचारलं नाही तरी सांगून ठेवते.

गोठवणं म्हणजे उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये. तुमच्याकडं दुधाचा भाग आहे, जनावरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्यांचा डबा बघितला असेल, तत्त्व तेच. २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यानं गर्भ जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात, संमतीपत्राची प्रत मागून घ्या.

इक्सी का केलं हे तुमचा सीमेन रिपोर्ट बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये.

मागावरचा_माणूस

तुम्हा दोघींचे आभार कसे मानू कळत नाही. शेंगेचं उदाहरण डोक्यात एकदम बसलं. ई टू चा कागद शोधला, ४८०० लिहिलंय.

रिपोर्टचं मुद्दाम लिहिलं नव्हतं. त्यात मॉर्फोलॉजी (चांगल्या आकाराचे शुक्राणू) २ टक्के आहे, बाकी काउंट वगैरे ठीक आहे म्हणाले. सात वर्षं सगळे तिलाच विचारतायत, देवाला तिनं जायचं, उपास तिनं धरायचे, आणि दोष माझ्यात असेल तर. इक्सी माझ्यामुळं लागलं ना?

काचेची_बशी

भाऊ, हा रिपोर्ट वाचून कुणीही घाबरतं. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) मापात ४ टक्के शुक्राणूंचा आकार चांगला असला तरी नॉर्मल धरतात, म्हणजे नॉर्मल माणसाचेही शंभरातले शहाण्णव वेडेवाकडे असू शकतात. तुमचे २ आहेत. इक्सी त्यामुळं केलेलं असू शकतं, किंवा आधीचे आययूआय गेले म्हणून असेल, ते डॉक्टरांनाच विचारा, आणि आधी न सांगता का केलं हेही विचारा, तो तुमचा हक्क आहे. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळं पुन्हा तपासायचं तर तीन महिन्यांनी. तंबाखू असेल तर आजच सोडा.

गवती_चहा

आणि तीनचा आकडा तिला आजच सांगा. माझ्या नवऱ्यानं दोन दिवस लपवलं होतं, दोनचं एवढं दुःख झालं नव्हतं जेवढं त्याचं झालं.

मागावरचा_माणूस

काल रात्री सांगितलं. तिला माहीत होतं. माझ्या हातावर लिहिलेलं तिनं मी झोपलो तेव्हा वाचलं होतं, तीन दिवस वाट बघत होती मी कधी बोलतोय. माझ्या रिपोर्टचंही सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली आता आईला चौदाचं काय ते तूच सांगायचंस. तंबाखूची पुडी तिनं चुलीत टाकली.

पोट थोडं जड आहे पण लघवी व्यवस्थित आहे, वजन रोज सकाळी करतोय.

आता पाळी आली की दुसऱ्या दिवशी बोलावलंय. सिस्टर म्हणाल्या ट्रान्सफरला लघवी भरलेली ठेवून यायचं. इचलकरंजीहून कोल्हापूर गाडीनं तासभर धरा, तर पाणी घरून पिऊन निघायचं का तिथं गेल्यावर? रस्त्यात खड्डे आहेत म्हणून विचारतोय.