मदत हवी आहे: गावाच्या विकिपीडिया पानावर दोन पॅनेलची जुंपली आहे

सातपुड्याखाली:

मंडळी, विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्या कुणाचा तरी सल्ला हवा आहे.

आमचं गाव शहादा तालुक्यात. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर इथलेही चार जण जाऊन त्या पानावर हात साफ करून येतील. मराठी विकिपीडियावर गावाचं छोटंसं पान आहे. तालुका, जिल्हा, लोकसंख्या, हवामानावर दोन ओळी, संपलं. वर्षानुवर्षं त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि पानाला एकदम सुगीचे दिवस आले.

आधी कुणीतरी 'इतिहास' या मथळ्याखाली घातलं: "युवकांचे आशास्थान, गावाचे भाग्यविधाते, कार्यसम्राट दादासाहेब यांच्या अथक प्रयत्नांतून मारुतीच्या पारासमोर पेव्हर ब्लॉक बसविण्यात आले." खाली दादासाहेबांचा मोबाइल नंबर. त्याच संध्याकाळी समोरच्या पॅनेलच्या कुणीतरी त्या वाक्याला शेपूट जोडलं: "व ते पहिल्याच पावसात उखडले." (शेपूट खरं आहे, पण तो विषय वेगळा.) तेव्हापासून कापाकापी चालू आहे. मी अधूनमधून दोघांचंही काढतो, सकाळी उठून पाहावं तर पुन्हा हजर.

तिसरं प्रकरण मात्र निराळं. पानावर जिल्हा 'धुळे' असं आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, शहादा तालुका तेव्हापासून नंदुरबारात. आमच्या गल्लीतला बारावीचा एक पोरगा ते बदलून 'नंदुरबार' करत होता. संदर्भ नाही, कारण लिहिलेलं नाही, नुसतं बदलायचा. पानावर आधीच धुमाकूळ, त्यात बाहेरच्या कुण्या जुन्या संपादकाने याचंही सरसकट उलटवलं, म्हणजे जुना मजकूर परत आणला, आणि त्याच्या चर्चापानावर (सदस्याला निरोप लिहायचं पान) 'उत्पात करू नका' असा तयार इशारा चिकटवला. पोरगा म्हणतो, "काका, खरं लिहिलं तर मलाच चोर ठरवलं. आता हात नाही लावणार."

तर, पॅनेलवाल्यांना कायमचं ब्लॉक करायला कुणाकडे जायचं? नंबर कसा काढायचा? आणि या पोराचं काय करायचं?

गिरणामाय:

आधी नंबरचं बघा, बाकी नंतर. तुम्ही मजकूर काढला तरी नंबर गेलेला नाही. 'इतिहास पाहा' उघडून जुनी आवृत्ती काढली की तो कुणालाही दिसतो. ती आवृत्ती लपवण्याची सोय प्रचालकांकडे, म्हणजे जादा अधिकार दिलेल्या संपादकांकडे असते. एखाद्या सक्रिय प्रचालकाच्या सदस्यपानावरून ई-मेल पाठवायची सोय दिसेल, तिथून कळवा. विकिपीडियाच्या चावडीवर (सगळ्यांच्या चर्चेचं पान) जाहीर लिहू नका, आणि नंबर पुन्हा कुठे टाइप तर अजिबात करू नका. पानाची आणि आवृत्तीची लिंक पुरते.

बिबडी_पापड:

नंबर ऱ्हाऊ द्या ना भो, पेव्हर ब्लॉकनी तक्रार कोनले करानी मंग?

जुनी विहीर:

सातपुड्याखाली, थोडं सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं मराठीत आणि थोडं इंग्रजीत संपादन करतो.

'कायमचं ब्लॉक' हे डोक्यातून काढून टाका. विकिपीडियावर ब्लॉक ही शिक्षा धरत नाहीत, पुढचं नुकसान थांबवायचा उपाय धरतात. त्यामुळे "यांनी गेल्या आठवड्यात घाण केली" एवढ्यावर सहसा होत नाही. सांगून, इशारा देऊन माणूस थांबत नाही हे दाखवावं लागतं. आधी चर्चापानावर साधा निरोप, मग जरा कडक, मग शेवटचा, आणि तरी चालूच राहिलं तर ब्लॉक. तोही बहुतेकदा आधी थोड्या मुदतीचा. ब्लॉक झालेल्याला सहसा स्वतःच्या चर्चापानावर दाद मागता येते.

त्यात तुमच्याकडचे सगळे मोबाइलवरून, खातं न उघडता लिहिणारे. मोबाइल कंपन्यांचा एकच अंकपत्ता (आयपी ॲड्रेस) अनेक ग्राहकांत फिरतो, तो बंद केला की दादासाहेबांचा कार्यकर्ता सुटतो आणि शहाद्यात बसून भलतंच काही लिहिणारा एखादा मास्तर अडकतो. हल्ली बऱ्याच विकिपीडियांवर अंकपत्ता झाकून तात्पुरत्या खात्याचं नाव दाखवतात, म्हणजे माग काढायचं काम तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात राहिलेलंच नाही.

अशा वेळी माणसाऐवजी पान बंद करणं सोपं. त्याला अर्धसुरक्षित करणं म्हणतात: नवी आणि बिनखात्याची मंडळी काही दिवस त्या पानावर लिहू शकत नाहीत. इंग्रजीत त्यासाठी खातं ४ दिवस जुनं आणि १० संपादनं झालेली लागतात. निवडणुकीचा ज्वर महिनाभरात उतरतो, मग पान मोकळं करतात. चावडीवर तेवढीच विनंती करा.

आणि तुम्ही स्वतः जपून. इंग्रजीत एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर ब्लॉक होऊ शकतो, मग तुमचं बरोबर असो वा चूक. उघड उत्पात काढणाऱ्याला सूट आहे, पण 'पेव्हर ब्लॉक उखडले' हा उत्पात की वाद, हे ठरवणारे तुम्ही नाही. मोजदाद दोन्ही बाजूंची होते.

शेपटाबद्दलही सांगतो. ते खरं असलं तरी जिवंत, ओळखू येणाऱ्या माणसावरचा ठपका आहे, आणि बिनसंदर्भाचा ठपका लगेच काढावा हा नियम कडक आहे. २००५ साली अमेरिकेतले पत्रकार जॉन सायगेनथेलर यांच्या पानावर कुणीतरी गंमत म्हणून त्यांचं नाव केनेडी हत्येशी जोडलं. चार महिने ते तसंच राहिलं. त्यानंतर इंग्रजीत खातं नसलेल्यांना नवीन पान सुरू करणं बंद झालं. आपल्या पेव्हर ब्लॉकपेक्षा फार मोठं प्रकरण, पण नियम तोच.

मेहरूणची बोरं:

जुनी विहीर यांना +१, पण पोराचं राहिलं की.

माझ्या मते या धाग्यातला खरा प्रश्न तोच आहे. पॅनेलवाले आज ना उद्या दमतील. पोरगा गेला तर गेला. इंग्रजी विकिपीडियावरचे सक्रिय संपादक २००७ नंतर घटत गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचं कारण शोधलं होतं: उत्पात रोखायला बनवलेली यंत्रं आणि तयार इशारे चांगल्या मनाने आलेल्या नवख्यांवरही चालत होते, आणि ते टिकत नव्हते. 'नवख्यांना चावू नका' असा संकेत तिथे लिहून ठेवलेला आहे, पण शंभर बदल तपासायला बसलेल्या माणसाला तो कुठला आठवायला! इशारा देणाऱ्यावरही मी फार चिडणार नाही. त्याच्या पडद्यावर एकाच पानावरचे तीन अनोळखी दिसले, दोन भांडतायत, तिसरा न बोलता जिल्हा बदलतोय. बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही सारखेच.

पोराला सांगा, संदर्भ दे. २०११ च्या जनगणनेची नंदुरबार जिल्ह्याची पुस्तिका नेटवर आहे, त्यात तालुकावार गावं आणि प्रत्येक गावाचा सहा आकडी कोड सापडतो. पानावर धुळे का आलं असेल तेही समजून घ्या. १९९१ च्या जनगणनेपर्यंतच्या कागदांत तुमचं गाव धुळे जिल्ह्यातच सापडणार. त्याहून मागे गेलात तर पश्चिम खानदेश, आणि १८८० च्या गॅझेटियरमध्ये नुसताच खानदेश. म्हणून 'धुळे' पुसून टाकण्यापेक्षा "१९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात, त्यानंतर नंदुरबार जिल्ह्यात" असं लिहायला सांगा. ते कुणी उलटवणार नाही.

सातपुड्याखाली:

सगळ्यांचे आभार. नंबरसाठी मेल केली, ती आवृत्ती आता लपवलेली दिसते. संरक्षणाची विनंती चावडीवर टाकतोय.

एक अडचण आहे. माझा चुलतभाऊ एका पॅनेलमधून उभा होता, पडला. उद्या कुणी म्हणालं की हाच एका बाजूचा आहे, तर? पण गावात दोन्ही पॅनेलशी नातं नसलेला माणूस आणायचा तरी कुठून?

जुनी विहीर:

गावचा असणं हा हितसंबंध नाही, नाहीतर खेड्यांची पानं लिहिणार कोण? पण गावाच्या पानाच्या चर्चापानावर एका ओळीत सांगून टाका की अमुक पॅनेलमध्ये नातेवाईक आहे, आणि पंचायतीच्या राजकारणाच्या मजकुराला हात लावू नका. काही बदल हवा असेल तर तिथेच सुचवा, दुसरं कुणीतरी करेल. सही करायला विसरू नका, शेवटी चार ~ टाकले की नाव-वेळ आपोआप येते.

सातपुड्याखाली:

तसं केलं. पोराने जनगणनेचा संदर्भ लावून जिल्ह्याचं वाक्य पुन्हा लिहिलं, कारणाच्या चौकटीत दोन ओळीही टाकल्या. दोन दिवस झाले, टिकून आहे. इशारा देणाऱ्या संपादकाला त्याने स्वतः निरोप लिहिला. उत्तर आलं, इशारा काढला. पोरगं आता प्रकाशा गावाच्या पानाकडे वळलंय, तापी-गोमाई संगमाचा फोटो काढून आणलाय.

पानाला संरक्षण मिळालं महिनाभराचं. लगेच दादासाहेबांचा एक कार्यकर्ता खातं उघडून चर्चापानावर आला. भाषा एकदम नीट. विचारतोय, पेव्हर ब्लॉकच्या कामाची पेपरात बातमी आली आहे, कात्रण आहे, मग घालायला काय हरकत? काय सांगू?

गिरणामाय:

आधी विचारा, कात्रण आतल्या पानावरचं आहे की दादासाहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवणीतलं. पुरवणी ही पैसे देऊन छापलेली जाहिरात, ती संदर्भ म्हणून चालत नाही. खरी बातमी असेल तर पेपरचं नाव, तारीख, पान क्रमांक चर्चापानावर लिहू द्या. त्यावरही 'भाग्यविधाते' वगैरे येणार नाही. आलंच तर 'अमुक साली पाराजवळ फरसबंदी झाली' एवढं, तेही गावाच्या पानात मावण्याजोगं आहे का ते तिथल्या लोकांनी ठरवायचं. मात्र त्याच्याशी गोडीने बोला, खातं उघडून विचारायला आलाय तो.

बिबडी_पापड:

कात्रण पुरवणीचंच निघणार. पैज.

सातपुड्याखाली:

पुरवणीचंच आहे. वर केक कापतानाचा फोटो.