सांगाड्याची तलवार माणसाच्या तलवारीला भिडते कशी? (आणि घरी करायचं तर काय काय लागेल?)

तारेचा_राक्षस:
'जेसन अँड द अर्गोनॉट्स' (1963) मधली शेवटची लढाई फ्रेम थांबवून थांबवून बघतोय. सात सांगाडे, तीन माणसं, आणि तलवारीवर तलवार नेमकी अडते. सांगाडे स्टॉप-मोशनने (बाहुली थोडी थोडी हलवून एकेक फ्रेम टिपत) हलवणाऱ्या रे हॅरीहाउसेन यांच्या टेबलावरची बाहुली वीतभर उंचीची आणि माणूस आधीच चित्रित झालेला. मग दोघांच्या तलवारी एका जागी येतात कशा? पाय जमिनीवर टेकलेले दिसतात, टेबलाची कड कुठेच दिसत नाही, हे कसं साधलं?

असाच 8 सेकंदांचा एक शॉट करायचा आहे: काठी घेतलेला माणूस आणि 25 सेंमीचा राक्षस (पडद्यावर तो अडीच मीटरचा वाटायला हवा). मागे 24 इंची मॉनिटर, पुढे टेबल, डीएसएलआर, 35 मिमी लेन्स. चाचणीत तीन गोष्टी बिघडतात. राक्षस जमिनीवर घसरतो, उजेड लुकलुकतो आणि घोट्याची तार तुटते.

मागचा_पडदा:
तलवारी भिडतच नाहीत. कॅमेऱ्याच्या जागेवरून बघताना त्या एका रेषेत येतात, एवढंच. माणसांचं चित्रण करताना नट आधी खऱ्या तलवारबाजांबरोबर तालीम करत, मग समोरचा माणूस काढून घेऊन तेच घाव मोजून हवेत करत आणि घाव जिथे अडायचा तिथे हात स्वतःच थांबवत. ते चित्रण एकेक फ्रेम करून छोट्या पडद्यावर मागून टाकलं जाई. पडद्यापुढे टेबल, टेबलावर बाहुली. माणसाची तलवार ज्या फ्रेमला थांबते, त्या फ्रेमला सांगाड्याची तलवार कॅमेऱ्यातून बघून तिच्यावर आणून ठेवायची. दोन्ही तलवारींमधलं पुढे-मागचं अंतर कितीही असो, चित्रात ते दिसत नाही.

टेबलाची कड लपते ती दोनदा एक्स्पोजर देऊन. कॅमेरा आणि टेबल यांच्यामध्ये काच उभी करतात आणि चित्रातल्या जमिनीची एखादी सोयीची रेषा धरून काचेचा खालचा भाग काळा रंगवतात. पहिल्या फेरीत बाहुली आणि वरचं चित्र फिल्मवर उतरतं, टेबल काळ्याआड राहतं. मग फिल्म उलटी गुंडाळायची, आता उलट वरचा भाग काळा, बाहुली आणि टेबल बाजूला, आणि मागचं चित्रण पुन्हा पहिल्या फ्रेमपासून चालवून फक्त खालची जमीन उतरवायची. बाहुली आपोआप चित्राच्या 'मध्ये' जाते. रेषेखालच्या भागात चालणारा माणूस तिच्या पुढून जाऊ शकतो, हा त्यातला सगळ्यात देखणा फायदा. एक फ्रेम जरी मागेपुढे झाली तरी रेषेपाशी चित्र तुटतं. 1958 च्या सिनबादपटापासून या पद्धतीला 'डायनामेशन' म्हणू लागले. नाव निर्माते चार्ल्स श्नीअर यांचं.

आता तुमचा घसरणारा राक्षस. बहुतेक तुम्ही एक पोझ दोन फ्रेम धरताय. बाहुली एकटी असेल तर सेकंदाला 12 पोझ चालतात, पण मागचं चित्रण दर फ्रेमला बदलतंय. माणूस 24 ने हलतो, राक्षस 12 ने, म्हणून तो जमिनीवरून सुटलेला वाटतो. माणसाच्या जवळचा प्रत्येक शॉट फ्रेमला एक पोझ असाच करा: 8 सेकंदांच्या 192 पोझ. त्या लढाईत हॅरीहाउसेन यांची सरासरी दिवसाला 13 फ्रेमची होती, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद, आणि काम साडेचार महिने चाललं. तेव्हा घाई नको.

दुसरं कारण कॅमेऱ्याची उंची. तुमचं प्रमाण 1:10 आहे. माणसाचं चित्रण 150 सेंमी उंचीवरून केलं असेल तर टेबलावर लेन्स पृष्ठभागापासून 15 सेंमी वर हवी, आणि जमिनीकडे कलही तेवढाच. माणूस 4 मीटरवर होता तर बाहुली लेन्सपासून 40 सेंमीवर. हे चुकलं की पावलांखालची जमीन एका कोनात आणि चित्रातली दुसऱ्या कोनात दिसते. पोझ कितीही चांगली असली तरी डोळा फसत नाही.

मोजपट्टी:
वरच्या मांडणीत 35 मिमी लेन्सने 24 इंची मॉनिटर साधारण 80 सेंमीवर ठेवावा लागेल. बाहुली 40 वर, मॉनिटर 80 वर: लेन्सचं छिद्र एफ/16 इतकं लहान केलं तरी दोन्ही धारदार येणार नाहीत. म्हणून मॉनिटरवरचं चित्र अंतिम शॉटमध्ये घेऊच नका, ते फक्त पोझ जुळवायला ठेवा. प्रत्येक पोझचे दोन फोटो काढा. पहिला: मॉनिटर काळा, बाहुलीवरचे दिवे चालू. दुसरा: दिवे बंद, मॉनिटर पूर्ण पांढरा. दुसऱ्यात बाहुलीची काळी आकृती मिळते, तोच मुखवटा (मॅट), म्हणजे संगणकात बाहुली कापून घ्यायचा आकार. मूळ चित्रण संगणकात मागे लावा. हिरव्या पडद्याचा हिरवा डाग बाहुलीवर पडत नाही आणि केसांच्या कडाही नीट सुटतात. अट एकच: दोन फोटोंच्या मध्ये टेबलाला हात लागता कामा नये. शटर वायरने किंवा संगणकावरून दाबा.

लुकलुकण्याची कारणं क्रमाने तपासा. बहुतेक वेळा दोषी लेन्सचं आपोआप बंद होणारं छिद्र असतं. प्रत्येक फोटोला ते केसभर कमीजास्त मिटतं. हाताने फिरवायच्या छिद्राची जुनी लेन्स अडॅप्टरने लावली की हा प्रश्न संपतो. मग एक्स्पोजर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. खिडकी पूर्ण झाका. गडद कपडे घाला आणि फोटोच्या वेळी दर वेळी एकाच जागी उभे राहा, कारण पांढऱ्या शर्टावरून परतलेला उजेडही बाहुलीवर दिसतो. शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवा, म्हणजे मॉनिटरची आणि दिव्यांची थरथर त्यात विरून जाते. पंखा बंद.

आणि माणसाचं चित्रण 1/50 ऐवजी 1/100 शटरने करा. स्टॉप-मोशनच्या बाहुलीला हालचालीचा धूसरपणा नसतो. माणूस धूसर आणि राक्षस काचेसारखा स्वच्छ, असं झालं की जोड लगेच उघडी पडते. 'ड्रॅगनस्लेयर' (1981) मध्ये फोटो निघत असतानाच मोटरने बाहुली हलवली, ती याच दोषावर तोड म्हणून.

लेथ_आणि_लॅटेक्स:
घोट्याबद्दल. अॅल्युमिनियमची तार एकाच बिंदूत पुन्हा पुन्हा वाकली की थकून तुटते, आणि तो बिंदू बहुधा एम-सीलच्या कडेला असतो. तिथे कड गोल करा आणि दोन कडक भागांमध्ये 12 ते 15 मिमी तार मोकळी सोडा, म्हणजे वाक पसरेल. पायाला 3 मिमीच्या, हाताला दीड मिमीच्या दोन तारा ड्रिल मशीनमध्ये धरून एकत्र पिळा. फार घट्ट पीळ दिला तर तार आधीच थकते. तरीही 192 पोझमध्ये घोटा एकदा जाणार असं धरूनच चाला. पाय पितळी चौकोनी नळीत बसवा, बारीक स्क्रूने आवळा, आणि दोन जादा पाय तयार ठेवा. मूळ बाहुल्यांमध्ये तार नव्हती, पोलादी बॉल-सॉकेटचे (खोबणीत फिरणाऱ्या गोळीचे) सांधे होते. हॅरीहाउसेन यांचे वडील फ्रेड ते स्वतः बनवत. तसे सांधे केलेत तर घोटा सगळ्यात घट्ट, मग कंबर, मग गुडघा, मनगट सगळ्यात सैल. उलट झालं तर हात हलवताना अख्खं अंग कलतं.

तळपायात एम3 नट बसवा आणि 12 मिमी प्लायच्या टेबलाखालून बोल्ट व विंग नटने पाऊल आवळा. प्रत्येक पावलाची जागा आधी ठरवून भोकं पाडा. घसरण्याचं अर्धं दुखणं इथेच असतं: पाऊल आवळलेलं नसेल तर हाताला लावलेला धक्का पावलाला सरकवतो.

तारेचा_राक्षस:
उंची आणि 12 फ्रेम, दोन्ही चुका माझ्याच निघाल्या. आभार. कातडीसाठी फोम लॅटेक्स (साच्यात ओतून भाजायचं फेसाळ रबर) ओतावं का? आणि अंगावर केस हवे आहेत.

लेथ_आणि_लॅटेक्स:
एका बाहुलीसाठी ओतू नका. त्याला प्लास्टरचे साचे लागतात, नेमकी वजनं लागतात, आणि ते भाजलेला ओव्हन पुन्हा स्वयंपाकाला वापरता येत नाही. खोलीच्या तापमानावर ते थिजण्याची वेळ बदलते. नागपूरच्या मे महिन्यात साचा भरण्याआधीच भांड्यात गोळा होईल. त्यापेक्षा गादीचा फोम कात्रीने स्नायूंच्या आकारात कापा, तारेवर चिकटवा, वर कापूस आणि द्रव लॅटेक्सचे चार-पाच पातळ थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळवून. शेवटी टाल्कम पावडर, नाहीतर काखेत कातडी कातडीला चिकटते. पितळी नळीवर आधी टेफ्लॉन टेप गुंडाळा. तांबं आणि पितळ लॅटेक्सला लागलं की ते काही महिन्यांत चिकट होऊन विरघळू लागतं. तेलाचा हातही नको.

केसांचा मोह आवरा. 1933 च्या 'किंग काँग'मध्ये सशाचं कातडं होतं. बोटं लागून प्रत्येक फ्रेमला केस वेगळे पडले, म्हणून पडद्यावर त्याची लव सतत सळसळते. तिथे ते रागाने फुरफुरल्यासारखं वाटतं, तुमच्या 8 सेकंदांत नुसतं विचलित करेल. हवेच असतील तर मानेवर आखूड ठेवा, जेलने बसवा, आणि बाहुलीला पाठीतून बाहेर आलेल्या जाड तारेच्या टोकाला धरून हलवा.