मदत हवी आहे: बाथरूम खाली गळतंय, मिस्त्रीशी काम कसं ठरवावं? (नाशिक)

मुक्काम इंदिरानगर:
इमारत १९९८ ची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. खालच्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आलीये, कोपऱ्यातून थेंब पडतो. आमचं बाथरूम ५ × ७ फूट, संकन स्लॅबचं (स्लॅब खाली खोलगट, वर भराव घालून फरशी), संडास वेगळा. दोन मिस्त्री बघून गेले. पहिला म्हणतो, फोडायचं नाही, टाइलमधले सांधे खरवडून इपॉक्सी भरतो, वरून केमिकल मारतो, १४ हजार. दुसरा म्हणतो, भिंतींसकट सगळं काढून नवं, ८५ हजार. निम्मे आधी द्या. कागदावर काहीच लिहून देत नाही. पावसाआधी उरकायचंय. खरंच फोडावं लागेल का? आणि काय काय ठरवून घ्यावं?

पाणसळ:
पाणी कुठून येतंय हे दोघांनीही न शोधता भाव सांगितलाय. आधी शोध, मग मिस्त्री. साध्या प्लंबरला अर्ध्या दिवसाची मजुरी द्या आणि या क्रमाने करून घ्या.

नळाची लाइन: गीझर सोडवून तोंडांना प्लग, सगळे कॉक बंद, मग हातपंपाने ५ किलो प्रेशर भरायचं. तासभर सुई हलली नाही तर लाइन ठीक. थेंब दिवसरात्र एकाच वेगाने पडत असेल तर संशय याच लाइनवर. अंघोळीनंतर वाढत असेल तर सांडपाण्यावर.

फरशी: नहाणी ट्रॅपच्या (जाळीखालचं, पाणी धरून वास अडवणारं भांडं) तोंडात टेस्ट प्लग बसवा. नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत ओलं फडकं घट्ट कोंबा. फरशीवर इंचभर पाणी २४ तास ठेवा. भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि त्याच बाथरूममध्ये पसरट टोपात पाणी ठेवून त्यावरही खूण करा. मे महिन्यात नाशिकला थोडं पाणी नुसतं उडूनच जातं. टोपातलं जितकं उतरेल तितकंच फरशीवरचं उतरलं तर फरशी निर्दोष.

ट्रॅप: या दोन्ही चाचण्या पास झाल्या तरच. एका बादलीत खाण्याचा लाल रंग कालवून थेट जाळीत ओता, नंतर दोन बादल्या साधं पाणी. खाली लाल उतरायला एखादा दिवसही लागतो, कारण मधला विटांच्या तुकड्यांचा भराव स्पंजसारखा पाणी धरतो.

मुक्काम इंदिरानगर:
तिन्ही झालं. सुई जागची हलली नाही. फरशी आणि टोप सारखेच उतरले. लाल पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी खाली दिसलं.

पाणसळ:
म्हणजे ट्रॅपचा सांधा किंवा त्यापुढचा पाइप. सांध्यांतलं इपॉक्सी इथे निरुपयोगी, कारण पाणी फरशीतून जातच नाहीये. पण सगळ्या भिंती फोडायचंही कारण नाही. फरशी, भराव आणि भिंतीची खालची फूटभर टाइल एवढंच काढा. जुनी टाइल आता मिळणार नाही, म्हणून खालची ओळ मुद्दाम गडद रंगाची घ्या. जुळवायला गेलात तर ठिगळ दिसतं. शॉवरच्या भिंतीचे सांधे मात्र इपॉक्सीने भरून घ्या, तिथे ते उपयोगी आहे. नळाची लाइन जुन्या जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) असेल तर आज पास झाली तरी खालचा उघडा पडलेला तुकडा बदलून टाका.

फोडताना: ब्रेकर फक्त टाइल आणि कोब्यापुरता. स्लॅब जवळ आला की छन्नी-हातोडी, नाहीतर हादऱ्याने स्लॅबला आणि वरच्या चांगल्या टाइलला तडे जातात. खालच्या छताचा गिलावा सुटून गज दिसत असतील तर काम तिथेच थांबवून आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर.

संकनच्या तळाला डक्टमध्ये (इमारतीच्या उभ्या पाइपांची मोकळी जागा) उघडणारा इंचभराचा स्पाउट, म्हणजे छोटी नळी, असतो. मुरलेलं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून. नव्वद टक्के मिस्त्री तो सिमेंटने बुजवतात (हा आकडा माझ्या वैतागाचा समजा). तो मोकळा आहे हे स्वतः तार घालून बघा.

नवा पाइप ७५ मिमीचा, ढाळ फुटाला पाव इंच. ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर गटाराचा वास येईल. पाइप स्लॅब-भिंतीतून जातो तिथे नुसता माल थापू नका, नॉन-श्रिंक (वाळल्यावर न आकसणारं) ग्राउट भरा. गळती बहुतेक वेळा याच कड्यातून पुन्हा सुरू होते.

थेंबे थेंबे:
वॉटरप्रूफिंगचं माप कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो. कोट दोनदा लागतो: एकदा संकनच्या तळाला आणि बाजूंना, दुसऱ्यांदा भराव झाल्यावर फरशीखाली आणि भिंतीवर फूटभर. तळ ३५ चौरस फूट, बाजू २४ (घेर २४ फूट, खोली एक फूट धरली). ५९ दोनदा म्हणजे ११८ चौरस फूट, साधारण ११ चौरस मीटर. पावडर आणि पॉलिमर मिसळायच्या सिमेंटी कोटिंगला दोन हातांत चौरस मीटरला दीड ते दोन किलो लागतं. म्हणजे १७ ते २२ किलो. मिस्त्री पाच किलोचा डबा घेऊन आला तर त्याने रंग लावलाय, वॉटरप्रूफिंग नाही. रिकामे पॅक तुमच्याकडे ठेवायला सांगा.

कोपऱ्यांत आधी मालाचा गोल वाटा मारायचा, त्यावर फायबर जाळी. पृष्ठभाग ओलसर हवा पण पाणी साचलेलं नको. कोरड्या, तापलेल्या कोब्यावर कोट मारला की कोबा त्यातलं पाणी शोषून घेतो आणि कोटला भेगा पडतात. दुसरा हात पहिल्याला आडवा, डब्यावर लिहिलेलं अंतर सोडून. भरावाच्या विटांचे तुकडे आदल्या दिवशी भिजवा.

हिशेबाची वही:
आता पैशांचं. निम्मे आधी कुणालाच नाही. दिवसांवरही नाही, चाचणीवर बांधा:

काम सुरू करताना १५ टक्के.
फोडून, नवा पाइप बसवून, सांधे कोरडे दाखवल्यावर २५.
तळाच्या कोटवर ४८ तास पाणी उभं राहून टोपातल्यापेक्षा जास्त उतरलं नाही की ३०.
फरशी आणि सांधे झाल्यावर २०.
उरलेले १० महिन्याने.

त्या शेवटच्या दहावरून भांडण होतं, म्हणून आधीच सांगतो: खालच्या छतावरची ओल लगेच जात नाही. आधीचं मुरलेलं पाणी काही आठवडे उतरत राहतं. छतावर ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, बाजूला तारीख, दर आठवड्याला नवी रेघ. डाग आकसतोय तर पैसे द्या. वाढतोय तर मिस्त्रीला बोलवा. खालच्यांना रंग मारायची घाई करू देऊ नका.

मजुरी आणि माल वेगळा ठेवा. ट्रॅप, पाइप, कोटिंग, टाइल तुम्ही आणा. वाळू-सिमेंट-विटा त्याला आणू द्या.

थेंबे थेंबे:
इथे थोडा मतभेद. माल तुम्ही आणला की गळल्यावर तो मालावर ढकलतो. कोटिंग तरी त्याच्याकडूनच घ्या, ब्रँड आणि किलो लिहून, बिल तुमच्या नावाचं.

हिशेबाची वही:
बिल तुमच्या नावाचं असेल तर चालेल. आणखी लिहून घ्यायच्या गोष्टी: राडारोडा कोण उचलणार आणि गोण्या कुठे जाणार (नासर्डीच्या कडेला रात्री रिकामी होणारी ट्रॉली नको), लिफ्ट वापरायची का, सोसायटीला अर्ज कोण देणार. डक्टमधली उभी लाइन सामाईक असते. तिच्या सांध्यात दोष निघाला तर खर्च सोसायटीचा, तुमच्या ट्रॅपपासून तिथपर्यंतचा तुमचा. डक्टमध्ये दोरीवर उतरून करायचं काम पावसात होत नाही, म्हणून ते आधी उरका. आतलं नंतर झालं तरी चालेल.

मुक्काम इंदिरानगर:
दुसऱ्या मिस्त्रीला हे टप्पे दाखवले. भिंती सोडून ४२ हजार म्हणतोय, पण ४८ तास पाणी ठेवायला नको म्हणतो, "दोन दिवस पोरं बसून राहतील."

पाणसळ:
शुक्रवारी संध्याकाळी पाणी भरा, रविवारी संध्याकाळी बघा. पोरं शनिवारी दुसऱ्या साइटवर जाऊ देत. एवढ्यावरही नाही म्हणाला तर तिसरा मिस्त्री शोधा. आणि फरशी लावून झाली की हिशेबाआधी लांबच्या कोपऱ्यात एक मग पाणी सांडा: सात फुटांना इंचभर ढाळ असेल तर ते न थांबता जाळीकडे येईल.