आजी आणि आजोबा, दोघांना फ्लूच्या लसीचा सारखाच डोस का?

रानवारा

फ्लूची लस घेतली की बायकांचा दंड जास्त दुखतो, लाल होतो, सुजतो. पुरुष मात्र 'काही कळलंसुद्धा नाही' म्हणून मोकळे होतात. बायका जरा जास्त कुरकुर करतात, असं म्हणून हा विषय सहसा तिथेच मिटवला जातो. पण लसींच्या चाचण्यांमध्ये हा फरक वारंवार दिसला आहे, आणि बायकांच्या रक्तात अँटिबॉडीजही (विषाणूला रोखणारी प्रथिनं) बहुतेक वेळा जास्त सापडतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १८ ते ६४ वयाच्या लोकांपैकी काहींना पूर्ण आणि काहींना अर्धा डोस दिला होता. अर्ध्या डोसवर बायकांच्या अँटिबॉडीज पूर्ण डोस घेतलेल्या पुरुषांच्या जवळपास पोचल्या!

कारणं एकाहून जास्त आहेत. विषाणूचा आरएनए ओळखणाऱ्या टीएलआर-७ या प्रथिनाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बायकांच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात आणि त्यातला एक बंद ठेवलेला असतो, पण हे जनुक काही पेशींत त्या बंद एक्सवरूनही काम करत राहतं. शिवाय हार्मोन्स आहेतच. इस्ट्रोजेनमुळे अँटिबॉडीजना साधारणपणे बळ मिळतं, टेस्टोस्टेरॉनमुळे लगाम बसतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१४ मधल्या अभ्यासात ज्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन जास्त होतं त्यांचा फ्लूच्या लसीला प्रतिसाद कमजोर निघाला.

तरीही ६५ नंतर कुठली लस द्यायची हे ठरवताना फक्त वय बघतात. माझं म्हणणं सरळ आहे: ज्येष्ठ पुरुषांना जास्त ताकदीची लस द्या, बायकांना नेहमीची पुरे. त्यांचे दंडही कमी सुजतील.

टिपकागद

सगळं मान्य, शेवटची तीन वाक्यं सोडून. तुमचा मुख्य पुरावा ६४ व्या वर्षी थांबतो आणि तुम्ही निकाल देताय ६५ च्या पुढच्यांचा.

इस्ट्रोजेनचा मुद्दा तर तुमच्यावरच उलटतो. रजोनिवृत्तीनंतर ते उरतं किती? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ च्या स्वाइन फ्लूची लस घेतलेल्या तरुण आणि ६५ च्या पुढच्या लोकांचं रक्त तपासलं. त्यात तरुण बायकांच्या अँटिबॉडीज तरुण पुरुषांपेक्षा जास्त निघाल्या, तशाच ज्येष्ठ बायकांपेक्षाही. म्हणजे तरुणपणीची आघाडी म्हातारपणी हातात राहील याची खात्री नाही. अशा वेळी ऐंशीच्या आजींना 'तुम्हाला साधी चालेल' म्हणून सांगणं मला तरी धोक्याचं वाटतं.

जास्त ताकदीची म्हणजे किती, तेही बघा. नेहमीच्या लसीत विषाणूच्या प्रत्येक प्रकारामागे १५ मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन (विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) असतं, या लसीत ६०. चौपट. ६५ च्या पुढच्या सुमारे ३२ हजार लोकांवर तिची चाचणी झाली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष आले: नेहमीच्या लसीच्या तुलनेत फ्लूचं प्रमाण साधारण २४ टक्क्यांनी कमी. त्या ३२ हजारांत बायकाही होत्या.

खडूस_म्हातारा

म्हणजे आता सुई टोचून घेण्याआधी टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट दाखवायचा का? :)

वय ७१. मिळेल ती लस घेतो. माझ्या रक्तात अँटिबॉडीज किती झाल्या हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही आणि मला जाणूनही घ्यायचं नाही. मी आडवा पडलो की नाही, एवढंच मला कळतं. त्यावर बोला की कुणीतरी.

अर्धविराम

काकांनी मोजक्या शब्दांत नेमकी मेख सांगितली.

अँटिबॉडीजच्या रक्ततपासणीत १:४० ही पातळी गाठली, म्हणजे रक्तद्रव चाळीसपट पातळ करूनही अँटिबॉडीजचा परिणाम दिसला, की फ्लू होण्याची शक्यता निम्म्यावर येते असं धरायची जुनी रीत आहे. पण हा आडाखा मुळात निरोगी प्रौढांवरून बांधलेला आहे. म्हातारपणी टी-पेशींची (विषाणू शिरलेल्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) भूमिका मोठी असते आणि त्या या तपासणीत दिसतच नाहीत. त्यामुळे 'बायकांच्या अँटिबॉडीज जास्त' यावरून 'बायका जास्त सुरक्षित' इथपर्यंत थेट उडी मारता येत नाही.

तरी रानवारा यांच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती कुणी काढली नाही म्हणून मीच काढतो. कॅनडात ताप-खोकला घेऊन दवाखान्यात येणाऱ्यांची फ्लूसाठी तपासणी करून, त्यातल्या किती जणांनी लस घेतली होती याची तुलना दरवर्षी होते. अनेक हंगामांचे आकडे एकत्र केल्यावर लसीचं संरक्षण बायकांमध्ये जास्त दिसलं, आणि ही तफावत पन्नाशीच्या पुढे सर्वांत ठळक होती. इथे मोजलाय तो प्रत्यक्ष आजार.

आता कुणी म्हणेल, पुरुष दुखणं अंगावर काढतात, दवाखान्यात येतच नाहीत, मग तुलना कसली? पण या पद्धतीत दोन्ही गट दवाखान्यात आलेल्यांचेच असतात, फ्लू निघालेले आणि न निघालेले. त्यामुळे हा दोष बराच कमी होतो. पूर्ण जात नाही.

सुईदोरा

मी लस टोचण्याचं काम करते, म्हणून फक्त दंडाबद्दल लिहिते. लाली आणि सूज मोजपट्टी लावून मोजता येते, ती काही नुसती सांगायची गोष्ट नाही. तेव्हा 'बायका कुरकुर करतात' हे एकदाचं सोडून द्या.

माझी अडचण पुढची आहे. गेल्या वर्षी दंड सुजला, रात्री कणकण आली, की यंदा त्या आजी 'नको बाई' म्हणतात. आणि जास्त ताकदीच्या लसीने दंड आणखी दुखतो, हेही खरं आहे. म्हणून बायकांसाठी हा हिशोब पुरुषांपेक्षा वेगळा होतो, यात रानवारांशी मी सहमत आहे. पण त्यासाठी डोस कमी करू नका. आधीच सांगून ठेवा की एक-दोन दिवस दुखेल आणि जाईल. एवढं सांगितलं तरी पुष्कळ जणी पुढच्या वर्षी येतात.

रानवारा

@टिपकागद, वयाबरोबर बायकांच्या अँटिबॉडीज घटल्या म्हणून आघाडी उरतच नाही, असं सरसकट कसं म्हणता? पन्नाशीच्या पुढे तर अर्धविराम यांनी दिलेला कॅनडाचा पुरावा माझ्या बाजूने आहे.

आणि हा घोळ कशामुळे आहे सांगू? सरकारी पैशावरच्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांना सामील करून घ्या, असा कायदा अमेरिकेत १९९३ मध्येच झाला. पण सामील करून घेणं वेगळं आणि त्यांचे आकडे वेगळे छापणं वेगळं. कित्येक चाचण्यांत दोघंही असतात आणि निकाल मात्र एकत्र कालवून येतो.

टिपकागद

वेगळे छापायचे तर तेवढी माणसं चाचणीत हवीत. अर्ध्या-अर्ध्या गटावर काढलेला आकडा डळमळीत असतो, आणि मग योगायोगाने दिसलेल्या फरकावर लोक धोरणं मागायला लागतात.

दुसरं, दोन सरासऱ्यांमध्ये फरक आहे म्हणून प्रत्येक पुरुष प्रत्येक बाईच्या मागे आहे असं होत नाही. रोज चालायला जाणारे अडुसष्टचे आजोबा आणि मधुमेहाने खंगलेले, अंथरुणाला खिळलेले अडुसष्टचे आजोबा यांच्यातला फरक मला बाई-पुरुष फरकापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने २०२२ मध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी तीन प्रकारांना पसंती दिली: जास्त ताकदीची, रिकॉम्बिनंट (विषाणू न वाढवता प्रयोगशाळेत प्रथिन बनवून केलेली) आणि प्रतिसाद वाढवणारा घटक मिसळलेली. सगळ्यांना सारखी, बाई असो वा पुरुष. यातली एकही हाताशी नसेल तर असेल ती घ्या, हेही सांगितलं. खडूसकाका, तुमचं धोरण त्यात बसतं.

खडूस_म्हातारा

बसणारच. फक्त आमच्या सौ. ना हे वाचून दाखवणार नाही, नाहीतर 'अर्ध्या डोसात आम्ही तुमची बरोबरी करतो' हे वर्षभर ऐकावं लागेल.

रानवारा

टिपकागद, तुम्ही ज्या अभ्यासाच्या जोरावर मला अडवलंत, तो स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे काढल्यामुळेच हाती आला ना? एकत्र कालवले असते तर आजींची घसरण तुम्हाला दिसली असती का?

टिपकागद

नसती दिसली. आकडे वेगळे काढायला माझी ना नाही, चाचण्या तेवढ्या मोठ्या करा. आक्षेप आहे तो त्यावरून बायकांना कमी ताकदीची लस देण्याला, आणि तो कायम आहे.